मदत हवी आहे: धुळीचे किडे, कापसाच्या गाद्या आणि दम्याचा मुलगा

मुलगा 8 वर्षांचा, दमा आहे. स्पेसर लावून इन्हेलर नियमित चालू आहे, त्यामुळे औषधांचे सल्ले नकोत. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट्स, निघाले. झुरळ निघालं नाही (मुंबईत राहून, हे नवलच).

घर परळला, वन रूम किचन, माणसं पाच. शेजारच्या इमारतीचं पाडकाम सुरू आहे, खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलं तरी संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पण खोकला पहाटे, अंथरुणातच वाढतो, म्हणून माझा संशय गाद्यांवर जास्त आहे.

झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसतो. जाड पडदे, सॉफ्ट टॉइज काढली. चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांवर धुतो. एअर प्युरिफायर सुचवू नका. हे किडे हवेत फार वेळ तरंगत नाहीत, गादी-उशीतच असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अडचण कापसाच्या गाद्यांची. दिवसा घडी घालून एकावर एक रचाव्या लागतात, पावसाळ्यात ऊन नाही, गच्चीला कुलूप. सासूबाई फोमवर झोपायला तयार नाहीत.

चारही बाजूंनी चेन असलेली माइट-प्रूफ कव्हर कुणी घडीच्या गादीला वापरली आहेत का? रोजच्या घड्यांनी शिवण उसवते का, आणि दादर-परळ भागात मापाने शिवून कोण देतं?