मेळघाटातला कुपोषणाचा डेटा एकत्र कसा लावायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धारणी तालुक्यात आम्ही दोन-तीन संस्था मिळून कुपोषणावर काम करतोय, आता ठरवलंय की सगळ्यांनी आकडे एकाच शीटमध्ये टाकायचे म्हणजे तालुक्यात खरंच फरक पडतोय का ते कळेल. पण जुळतच नाहीये काही!

अंगणवाडीचे आकडे पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधले, म्हणजे वजन-उंचीवरून काढलेले सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलं). आमचे कार्यकर्ते दंडघेराची पट्टी लावतात, साडेअकरा सेंमीच्या खाली की सॅम. दोन्ही पद्धती बरोबरच आहेत पण त्यात सापडणारी मुलं सगळी तीच नसतात, मग बेरीज कशी करायची?

दुसरं म्हणजे स्थलांतर. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कामाला बाहेर जातात ती होळीलाच परत येतात, मधल्या महिन्यांत मुलंच कमी मोजली जातात आणि सॅमचा आकडा खाली. मीटिंगमध्ये टाळ्या 😅 सुधारणा कसली, पोरं गावातच नाहीत ना.

एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) बघितला, पण तो जिल्ह्यापर्यंतच. राज्यात लुकडेपणा (उंचीच्या मानाने वजन कमी) २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के आणि २०१९-२१ मध्येही तेवढाच, त्यावरून आमच्या तालुक्याचं काय कळणार?

नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडे कोणी असं केलंय का? टक्केवारी काढताना छेदात कोण धरता, नोंदलेली मुलं की मोजलेली? आणि नावं न देता एकच मूल दोनदा आलं हे कसं ओळखता? एक्सेलमध्ये जमेल असंच सांगा, नेटवर्कची बोंब आहे इथे.