पोटातल्या बाळाचा जीव कायद्याच्या कुठल्या खात्यात?

सातारकरीण : माझ्या मामेबहिणीला आठव्या महिन्यात मागून जीपने उडवलं. ती वाचली, बाळ गेलं. एफआयआरमध्ये कलमं दोन: भरधाव गाडी चालवणं (२८१) आणि दुखापत (१२५). बाळाचा उल्लेख दवाखान्याच्या कागदावर, एका ओळीत. वकील म्हणाले, निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ 'व्यक्ती'च्या मृत्यूला लागतं आणि न्याय संहितेच्या कलम १०० च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की आईच्या पोटातलं बाळ मारणं म्हणजे मनुष्यवध नव्हे. शरीराचा थोडा जरी भाग बाहेर आला असेल तर मात्र होऊ शकतो! हे वाक्य १८६० च्या दंड संहितेतलं. २०२४ ला नवा कायदा लागू झाला, वाक्य तेच. चोवीस आठवड्यांपुढचं बाळ सरळ 'व्यक्ती' का धरू नये?

गोट्या_सोलापूर : शंभर टक्के सहमत. हिंदू वारसा कायदा पोटातल्या बाळाला वारस मानतो. जमिनीच्या वाटणीला माणूस, जीव गेला की कोणी नाही?

वकीलसाहेब : गोट्या, कलम २० पूर्ण वाचा. 'जिवंत जन्मलं तर' वारस. आणि कायदा अगदीच आंधळा नाही. बाईच्या संमतीविना गर्भपात घडवला तर कलम ८९, जन्मठेपेपर्यंत. बाई मरेल हे माहीत असून मारहाण केली, ती वाचली पण पोटात हालचाल करणारं बाळ गेलं, तर कलम ९२, दहा वर्षांपर्यंत. दोन्हीकडे हेतू किंवा जाणीव लागते. जीपवाल्याकडे ती सिद्ध करणं कठीण. १०६ साठी अर्ज जरूर करा, 'व्यक्ती'त गर्भ येतो की नाही यावर भांडता येतं.

आशाताई_मिरज : माझा विरोध. बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण गर्भाला 'व्यक्ती' केलं की पुढची आरोपी आई असते. आजही कलम ८८ च्या स्पष्टीकरणात स्वतःचा गर्भ पाडणारी बाई गुन्हेगार आहेच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात भारतीय वंशाच्या एका बाईला २०१५ ला भ्रूणहत्येच्या कायद्याखाली दोषी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी अपिलात तो भाग रद्द झाला, कारण कायदा गर्भवतीवर हल्ला करणाऱ्यांसाठी होता. तोवर तिची व्हायची ती फरफट झाली. आमच्या म्हैसाळला २०१७ मध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. अशा वेळी गर्भलिंग निदानाचा कायदा निदान एवढं तरी गृहीत धरतो की बाईवर घरच्यांची जबरदस्ती होती. तुमच्या दुरुस्तीत ते राहील?

गोट्या_सोलापूर : म्हणजे जीपवाला सुटला तरी चालेल?

आशाताई_मिरज : कोण म्हणतंय? 'गंभीर दुखापती'ची यादी काढा, कलम ११६. आठ प्रकार आहेत. दात पडला तर गंभीर दुखापत! बाळ गेलं हा प्रकार यादीतच नाही, 'जिवाला धोका' किंवा 'पंधरा दिवस अंथरुणाला' असं काहीतरी दाखवून ते आत सरकवावं लागतं. नववा प्रकार घाला. आईवर खटल्याची वाट न उघडता जीपवाल्याची शिक्षा वाढेल.

वकीलसाहेब : दाताचा मुद्दा बिनतोड. सातारकरीण, १२५ च्या कुठल्या भागाखाली गुन्हा आहे ते बघा. (अ) म्हणजे साधी दुखापत, सहा महिन्यांपर्यंत; (ब) म्हणजे गंभीर दुखापत, तीन वर्षांपर्यंत.

सातारकरीण : (अ). ताई, पटतंय पण गळी उतरत नाही. बहिणीने नाव ठरवलं होतं, झबली शिवली होती. ते बाळ तिची 'दुखापत' म्हणून मोजायचं? हे तिला मी कुठल्या तोंडाने सांगू?

आशाताई_मिरज : नका सांगू. मीही सांगितलं नसतं.

वकीलसाहेब : एक कामाचं. मृतजन्माची नोंद झाली का? मृत्यूच्या दाखल्याहून तिचा नमुना वेगळा असतो. मोटार अपघात दाव्यांत काही हायकोर्टांनी पोटातल्या बाळासाठी वेगळी भरपाई दिली आहे, तिथे हा कागद लागेल.

सातारकरीण : माहीत नव्हतं. उद्या भाऊजींना दवाखान्यात पाठवते.