डिमोनातली मराठी वस्ती: बरं झालं की अडकून पडले?

अलिबागकर७९:
आमच्या आजोळी शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू कुटुंब होतं, तेल गाळायचे आणि शनिवारी सुट्टी घ्यायचे म्हणून जुने लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. ते सगळे इस्रायलला डिमोनात गेले. आता ऐकतो की तिथे म्हाताऱ्या बायका अजून मराठीत भांडतात 😀 पण खरंच विचारतो, आपल्याच माणसांत राहून त्यांचं भलं झालं की नव्या देशात मिसळायचं राहूनच गेलं?

ठाणेकर_भाचा:
आम्ही ठाण्याचे बेने इस्रायलीच. आधी हे सांगतो की तिथे राहायचं कोणी हौसेने ठरवलं नव्हतं, डिमोना १९५५ ला वाळवंटात वसवलं आणि बाहेरून आलेल्यांना सरकारच तिकडे पाठवायचं. मामा मुंबईत रेल्वेत क्लार्क, इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला जाणारा माणूस, तिकडे हिब्रू येईना म्हणून कापडाच्या कारखान्यात शिफ्टला लागला. नोकरी लागली ती पण वस्तीतल्या ओळखीनेच, मशीनवर शेजारी पेणचा माणूस, मग हिब्रू शिकतो कोण! मामी तर शेवटपर्यंत डॉक्टरकडे जाताना मुलीला सोबत न्यायची, काय दुखतंय ते मुलगीच सांगणार. मुलं मात्र सैन्यात जाऊन आली ती फाडफाड हिब्रू बोलतच.

कोकण_एक्सप्रेस:
हे खरंय पण दुसरी बाजू पण बघा. १९६२ ला तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फतवा काढला की बेने इस्रायलींचं त्यांच्या समाजाबाहेरच्या ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आई, आजी, पणजी सगळं तपासा. म्हणजे इतक्या लांब आलो आणि आता तुम्ही ज्यू आहात का ते सिद्ध करा! लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं आणि १९६४ ला संसदेला ठराव करावा लागला की हे पूर्ण ज्यूच आहेत. घरं चार दिशांना असती तर एवढी माणसं जमली असती का? मला नाही वाटत.

अश्दोद_बॅट्समन:
क्रिकेट विसरलात राव. अश्दोद, डिमोना, बीरशेबा, तिकडचं क्रिकेट आपल्याच लोकांनी चालू ठेवलंय, बाकीच्यांना एलबीडब्ल्यू समजावताना घाम फुटतो.

अलिबागकर७९:
मामींचं वाचून कसंतरीच झालं. बरं, मलिद्याला, म्हणजे तुमच्या त्या पोह्यांच्या गोड प्रसादाला, पोहे कुठून आणायचे तेव्हा?

ठाणेकर_भाचा:
मुंबईहून जो येईल त्याच्या बॅगेतून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे कपडे कमी आणि पोहे जास्त होते.