नागपूरजवळ माळावर घोड्याची रपेट: नवख्या पाहुण्यांसाठी काय बघून ठरवावं?

धंतोलीकर
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून चार पाहुणे येत आहेत. शहरातली फेरी नको आहे त्यांना. मोकळ्या माळावर वाटाड्यासोबत दोन-अडीच तासांची रपेट हवी आहे. दोघं तिशीतले, एक ११ वर्षांची मुलगी आणि एक काका, वजन ८६ किलो. कोणीच आधी घोड्यावर बसलेलं नाही. काटोल, हिंगणा, उमरेड यांपैकी कुठली बाजू बरी? घोडेवाल्याला काय विचारू?

बरडावरचा
बाजू कोणतीही चालेल, जमीन बघा. मुरमाड बरड, म्हणजे कडक पडीक माळ पाहिजे, काळी वावरं नकोत. पाऊस गेला की काळी माती वाळून फाटते आणि डिसेंबरात त्या भेगांवर वाळलं गवत पडलेलं असतं. वरून सपाट दिसतं, पण घोड्याचा पाय आत गेला की घोटा मुरगळतो आणि स्वार मानेवरून पुढे पडतो. तूर कापलेल्या वावरातून तर जाऊच नका. तिरप्या विळ्याने कापलेले खुंट खिळ्यासारखे असतात, खुराच्या तळव्यात सरळ घुसतात. पांदण (शेतांमधली गाडीवाट), बरड, गुरांच्या पायवाटा, एवढ्यावरच रपेट आखा. वाटाड्याने ती वाट त्याच आठवड्यात पायी बघितली आहे का, हे विचारा. कठडा नसलेल्या विहिरी आणि रानडुकरांसाठी लावलेल्या विजेच्या झटक्याच्या तारा दर हंगामात नव्या निघतात. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

खरारा
आपल्याकडचे बरेच घोडे वरातीचे असतात आणि डिसेंबर हा लग्नांचा महिना. रात्री बारापर्यंत बँडपुढे उभा असलेला घोडा सकाळी सातला माळावर आणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय, आणि स्वाराला धोका. आदल्या रात्री घोडा कुठे होता, हा पहिला प्रश्न. दुसरं असं, की वरातीचा घोडा दोरी धरून चालणाऱ्या माणसाच्या मागे जायला शिकलेला असतो. मोकळ्यावर कोणी दोरी धरली नाही की तो गोंधळतो. माळावर रोज जाणारा घोडाच मागा.

खोगीर चढवण्याआधी पाठ बघू द्या म्हणा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. घोड्याने कातडी थरथरवली, पाठ खाली दाबली किंवा कान मागे टाकले, तर त्या दिवशी तो घोडा नको. ठिपक्यांसारखे पांढरे केस म्हणजे जुन्या जखमा. तंगाखाली (खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली), कोपरामागे सोललेलं आहे का तेही बघा. सोबत ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराच्या रक्ततपासणीचा कागद मागा. हा आजार माणसालाही होतो, म्हणून हा कागद मागायला संकोच करू नका.

तंग आवळा
काकांबद्दल स्पष्ट सांगतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतच भार असावा. आपल्याकडचा मारवाडी किंवा काठेवाडी घोडा साधारण ३५० ते ४०० किलोचा, म्हणजे सगळं मिळून ७० ते ८० किलो. काका ८६ आणि खोगीर ८-१०, म्हणजे ९५ च्या आसपास. त्याला पावणेपाचशे किलोचा घोडा लागेल. तेवढे घोडे बहुतेक शर्यतीतून निवृत्त झालेले असतात आणि मोकळं रान दिसलं की पळायला बघतात. नवख्याला ते नकोच. काकांसाठी बैलबंडी सांगा, ती पांदणीने बरोबरीने चालते.

धंतोलीकर
काकांना बंडी पटेल, धन्यवाद. मुलीचं काय? आणि वेळ कोणती ठेवू?

तंग आवळा
मुलीचा घोडा पहिला तासभर मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) हातातल्या दोरीवर. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, मोजायची सोपी रीत: बोटांची टोकं खोगिरावर, रिकिबीच्या पट्ट्याच्या बक्कलापाशी ठेवा आणि रिकीब काखेकडे ताणा. काखेत पोचली की लांबी बरोबर. मोठ्यांच्या मापाची रिकीब मुलीला देऊ देऊ नका, पूर्ण पाऊल आत जाऊन अडकतं. पडल्यावर फरफट होते ती त्यामुळेच. बुटाला एक-दोन सेंटिमीटर टाच हवी, तळवा गुळगुळीत. खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट आणि सँडल दोन्ही नकोत.

तंग आवळताना घोडा छाती फुगवतो. म्हणून बसण्याआधी एकदा आणि दहा मिनिटं चालल्यावर पुन्हा आवळायचा. दुसऱ्यांदा न आवळणारा वाटाड्या कच्चा. उतारावर खोगीर बाजूला घसरतं त्याचं कारण बहुतेक हेच.

हेल्मेट स्वारीचंच. सायकलच्या हेल्मेटने डोक्याचा मागचा भाग उघडा राहतो, मोटारसायकलचं जड पडतं आणि वाटाड्याची हाक ऐकू येत नाही.

बरडावरचा
साडेसातला निघा, दहाच्या आत परत. धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा. घोड्याने चंदी (दाणा) खाऊन तासभर झालेला असावा. तीन स्वारांना दोन वाटाडे, एक पुढे, एक मागे. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याची लांबी मोकळी ठेवा, मागचा चिकटला की पुढचा लाथ झाडतो.

नवख्यांसाठी चालच पुरे, ताशी सहा किलोमीटर. अडीच तासांत पाणी पाजून आणि थांबून दहा-बारा किलोमीटर होतात आणि मांड्या तेवढ्यानेच भरून येतात. दुडकी (चालीपेक्षा वेगवान, उसळती चाल) चालवायचीच तर जाताना, थोड्या चढावर. तोंड घराकडे वळल्यावर अजिबात नाही, तबेला आठवला की घोडा आपोआप वेग घेतो. शेवटचा किलोमीटर सगळ्यांनी उतरून पायी चालायचं.

तुरीतून रोही (नीलगाय) किंवा तितर अचानक निघाले की घोडा बुजतो. एक उधळला की कळप म्हणून बाकीचेही पळतात. तेव्हा ओरडायचं नाही आणि दोन्ही लगाम एकदम खेचायचे नाहीत, कारण घोडा ओढीवर भार टाकून आणखी पळतो. मागे रेलून बसा आणि एका बाजूचा लगाम हळूहळू घेत मोठं वर्तुळ करा, वर्तुळ लहान होत गेलं की तो थांबतो. निघण्याआधी हे उभ्या घोड्यावर प्रत्येकाकडून दोनदा करून घ्या.

खरारा
बेत जानेवारीवर गेला तर संक्रांतीच्या आठवड्यात नकोच. बंदी असूनही नायलॉनचा मांजा झाडाझुडपांत अडकलेला असतो आणि घोड्यावर बसलेल्या माणसाचा गळा नेमका त्या उंचीवर येतो.

धंतोलीकर
मग २७ डिसेंबर नक्की करतो. आदल्या दिवशी स्वतः जाऊन पांदण आणि घोड्यांच्या पाठी बघून येतो. काकांच्या बंडीत पाण्याचे कॅन आणि मलमपट्टीची पेटी ठेवली तर चालेल ना?

खरारा
चालेल, बादली मात्र विसरू नका. कॅनला घोड्याचं तोंड लागत नाही.