कायम होईपर्यंत थांबायचं कशाला?

'शिक्षण सेवकाची (कायम होण्याआधीची, मानधनावरची) तीन वर्षं गुपचूप काढा, शिक्षक संघटनेचं सभासद व्हायचं कायम झाल्यावर बघू,' असा सल्ला नव्या शिक्षकांना दोघांनी दिलाय. मला उलट वाटतं. गरज याच तीन वर्षांत जास्त असते.

माझंच सांगतो. खासगी अनुदानित शाळेत लागलो, नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता मिळाली, पण शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) मिळेना. आयडी नाही म्हणजे पगार नाही. फाईल दोनदा त्रुटी काढून परत आली. दुसऱ्यांदा कारण काय, तर एका झेरॉक्सवर साक्षांकनाचा शिक्का पुसट! शेवटी तालुक्यातले संघटनेचे एक सर सोबत आले, शिक्षण खात्यातल्या साहेबांसमोर बसून सगळ्या त्रुटी एकदाच लेखी मागून घेतल्या. महिन्याभरात काम झालं.

सेवकांचं मानधन प्राथमिकला ६,००० वरून १६,००० झालं ते २०२३ मध्ये, तेही वर्षानुवर्षं निवेदनं, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर. आणि खासगी शाळेतून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवसच असतात, हे मला कॉलेजात नाही, संघटनेच्या बैठकीत कळलं.

काही पुढारी फक्त वर्गणीच्या पावत्या फाडायला येतात, कबूल. म्हणून सभासद होण्याआधी एवढंच विचारा: गेल्या वर्षी कुणाची फाईल सोडवलीत?