मदत हवी आहे: हेइआन निदान आणि योंदान एकमेकांत मिसळतात

नमस्कार मंडळी. मी शोतोकान (कराटेची एक शैली) शिकते. पहिले तीन हेइआन (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे काता) बऱ्यापैकी बसले होते, पण योंदान (चौथा) सुरू झाला आणि निदानची (दुसऱ्याची) घडी विस्कटली.

दोन्हींची सुरुवातच बघा. डावीकडे वळून कोकुत्सु-दाची (वजन मागच्या पायावर ठेवून उभं राहणं), दोन्ही हात वर. निदानमध्ये मुठी बंद आणि हालचाल झटकन, योंदानमध्ये पंजे उघडे आणि हालचाल सावकाश. एवढं लक्षात राहतं. खरी गोची योको-गेरी (बाजूला मारायची किक) आणि उराकेन (मुठीच्या मागच्या बाजूने प्रहार) एकत्र येतात तिथे होते. योंदानमध्ये त्या किकनंतर लगेच एम्पी (कोपराचा प्रहार) आहे, पण माझे हात आपोआप निदानसारखे शुतो-उकेकडे (उघड्या पंजाच्या कडेने अडवणं) वळतात. डोक्याला कळतं, हातांना कोण सांगणार!

वर्गात सगळ्यांबरोबर निभावून जातं (शेजारचीकडे तिरका डोळा असतोच). एकटीला उभं केलं की अडते, आणि एकदा अडलं की पुन्हा ‘योई’पासून (काता सुरू करण्याआधीची तयारीची स्थिती) सुरुवात.

सिनिअर मंडळींना विचारायचंय, योंदान पक्का होईपर्यंत निदान बाजूला ठेवावा, की दोन्ही मुद्दाम एकापाठोपाठ करावेत? शेवटच्या हालचालींपासून मागे मागे तुकडे जोडत कोणी पाठ केलंय का? की आधी त्या एम्पीचं बुनकाई (हालचालीचा प्रत्यक्ष वापर) जोडीदाराबरोबर घोटून घेऊ? मला स्वतःला हेच जास्त पटतंय, कारण समोर माणूस असला की कोपर का मारायचं ते समजतं.

व्हिडिओ कृपया पाठीमागून घेतलेलेच सुचवा. समोरून बघितलं की माझं डावं-उजवं उलटतं.