कोटेशन गेल्यावर किती मेल? माझ्या मते तीन, चौथा नाही

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

सुटे भाग

विषय मुद्दाम अरुंद ठेवतोय. एमआयडीसीतला छोटा पुरवठादार, बेअरिंग, ऑइल सील, कपलिंग असला माल. चौकशी येते, कोटेशन जातं, आणि मग समोरून शांतता. आता मेल किती आणि किती दिवसांनी?

'सात वेळा संपर्क झाल्याशिवाय सौदा होत नाही' हे वाक्य प्रत्येक सेल्स ट्रेनिंगमध्ये कानावर पडतं. ते जाहिरातीबद्दलचं वाक्य आहे, नाव डोळ्यांसमोर राहावं म्हणून. ज्याने स्वतःहून भाव मागितला त्याला नाव लक्षात राहण्याची अडचण नाही. त्याची अडचण वेगळी असते: मालाची तांत्रिक खात्री, डिलिव्हरी किंवा पैसे.

माझं गणित असं. कोटेशनची मुदत ३० दिवस धरू. पहिला मेल तिसऱ्या कामाच्या दिवशी, दुसरा आठव्या कामाच्या दिवशी, तिसरा मुदत संपायच्या तीन दिवस आधी. बस्स. पहिल्यात फक्त एवढं विचारायचं, की फाइल उघडली का आणि साइझ-ग्रेडबद्दल काही शंका आहे का. दुसऱ्यात काहीतरी नवीन हवं: पर्यायी मेक, स्टॉकमधून लगेच मिळणारा नग, सुधारलेली डिलिव्हरी. तिसरा असा:

'आमच्या कोटेशन क्र. ११८ ची मुदत शुक्रवारी संपते. त्यानंतर भाव नव्याने घ्यावा लागेल. तीनपैकी एक शब्द लिहिलात तरी पुरे: घेतोय / नंतर / नको.'

तिन्ही मेल मूळ कोटेशनलाच रिप्लाय करून, म्हणजे जोडलेली फाइल आणि नंबर खाली दिसत राहतो. या तिसऱ्यालाही उत्तर आलं नाही, तर ते उत्तरच समजावं. चौथा मेल पाठवणारा स्वतःची किंमत उतरवतो आणि समोरच्याला कळवतो, की हातात दुसरं काम नाही.

रोखठोक

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

तुमचं गणित रनिंग स्पेअरला, म्हणजे नेहमी लागणाऱ्या सुट्या भागांना लागू आहे. मशीन बंद पडलंय, सील हवंय, तिथे आठ दिवसांत निकाल लागतो. पण गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, पॅनल असल्या खरेदीचा रस्ता बघा. इंडेंट (मागणीपत्र) निघतो, मेंटेनन्सची सही होते, तीन कोटेशनचं कम्पॅरिटिव्ह (तुलनेचा तक्ता) बनतं, टेक्निकल मान्यता येते, मग बजेटमध्ये जागा आहे का ते बघतात, मग भाव पाडायला बोलावतात आणि शेवटी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर. हे ३० दिवसांत उरकत नाही. म्हणजे तुमचा तिसरा मेल कम्पॅरिटिव्ह बनण्याच्या आधीच संपलेला, आणि निर्णयाच्या दिवशी तुम्ही गायब.

माझा क्रम: ३, ८, १५, २७, ४५, ६०, ९०. अंतर वाढत जातं, हे महत्त्वाचं. पहिल्या महिन्यात चार, पुढच्या दोन महिन्यांत तीन. मोजताना सुट्ट्या वगळा. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, तिथे गुरुवारी सकाळी पाठवलेला मेल शुक्रवारच्या ढिगाखाली जातो. मार्चचा शेवटचा आठवडा आणि दिवाळीचे दिवस सोडूनच द्या. उलट एप्रिलचा दुसरा आठवडा उत्तम, नवीन बजेट हातात आलेलं असतं.

'स्वतःची किंमत उतरते' वगैरे भावनिक आहे. परचेसवाला तुमची किंमत कोटेशनच्या खालच्या आकड्यावरून ठरवतो.

परचेसची खुर्ची

दुसऱ्या बाजूने बोलतो. तीन की सात हा प्रश्न या खुर्चीतून दिसतच नाही. दिसतो तो सब्जेक्ट.

पीओ काढायची वेळ येते तेव्हा इनबॉक्समध्ये शोध घेतला जातो, आणि तो तुमच्या फर्मच्या नावाने नसतो. मालाच्या नावाने किंवा चौकशी क्रमांकाने असतो. अशा वेळी 'जेंटल रिमाइंडर' नावाचे चाळीस मेल आडवे येतात, त्यातला एकही काय आहे ते सांगत नाही. (हा 'जेंटल' शब्द कुणी काढला कोण जाणे. त्यात जेंटल काही नसतं.) सब्जेक्ट असा हवा: 'चौकशी क्र. ४०२, ऑइल सील ४५x६२x८, ५० नग, कोटेशन रेव्ह १'. (रेव्ह म्हणजे रिव्हिजन, सुधारित आवृत्ती.) एवढ्यावर मेल सापडतो आणि उघडल्याशिवाय कळतं, की कशाबद्दल आहे.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक फॉलोअप नव्या मेलने. एकाच मालाच्या पाच वेगळ्या साखळ्या तयार होतात, दोनमध्ये भाव वेगळा, आणि कुठला शेवटचा ते ठरवताना माणूस कंटाळून दुसऱ्याचं कोटेशन उघडतो. भाव बदलला तर फाइलच्या नावात रेव्ह १, रेव्ह २ आणि तारीख. नुसतं 'फायनल' लिहू नका. 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल लास्ट' अशा तीन फाइली आल्या की कुणाचाच विश्वास बसत नाही.

आणि एकाच वेळी साहेबांना, त्यांच्या साहेबांना आणि अकाउंट्सला सीसी लावून विचारणा करणं. हा चौथ्या मेलपेक्षा मोठा गुन्हा आहे.

डाकघर

इथे दोन गोष्टींची मिसळ झालीय. हाताने लिहिलेला फॉलोअप आणि सॉफ्टवेअरमधून सुटणारा क्रम. पहिल्याला तीन-सातचा नियम लावा नाहीतर नका लावू, फार फरक पडत नाही. दुसऱ्याला मात्र मर्यादा तुम्ही ठरवत नाही, मेलबॉक्स देणारा ठरवतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच नावाने आलाय हे पटवणाऱ्या तीन तांत्रिक नोंदी) तिन्ही हवेत आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकने नाव काढायची सोय हवी, तीही दोन दिवसांत अमलात येणारी. यावर नेहमीचं उत्तर येतं, 'आम्ही कुठे पाच हजार पाठवतो'. पण स्पॅमच्या तक्रारींची मर्यादा लहान-मोठ्या सगळ्यांना आहे: ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ ला पोहोचूच देऊ नका.

आता 'रोखठोक' यांचा सात मेलचा क्रम या मर्यादेला लावून बघा. समजा २०० पत्ते, सगळे साध्या जीमेलचे, छोट्या युनिटांचे बरेचसे तसेच असतात. पहिल्या दोन मेलवर ४० जणांनी उत्तर दिलं, ते बाहेर. पुढच्या चारमध्ये आणखी २०. सातवा मेल उरलेल्या १४० जणांना जातो आणि हे १४० म्हणजे आधीच्या सहांना गप्प बसलेले. ज्यांना रस होता ते कधीच गाळून निघाले. त्यातल्या एकाने स्पॅमचं बटण दाबलं तरी त्या मेलपुरतं प्रमाण ०.७१ टक्के. क्रम जितका लांब, तितका तळाचा गाळ घट्ट.

आणि हे दिसतही नाही, ही खरी गोम आहे. कमी मेल पाठवणाऱ्याला गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (पाठवणाऱ्याला तक्रारींचं प्रमाण दाखवणारी सोय) आकडाच दिसत नाही. जिथे दिसतो तिथे भागाकार इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या मेलवर असतो. मेल आधीच स्पॅममध्ये पडायला लागले, की तिथून तक्रार कोण करणार? आकडा सुधारल्यासारखा दिसतो आणि लोक खूश होतात.

सुटे भाग

म्हणजे तीनच बरोबर. धन्यवाद.

डाकघर

तसं म्हटलेलं नाही. तिन्ही मेल भिकार असतील तर तिसऱ्यालाच बटण दाबलं जाईल.

रोखठोक

'डाकघर' यांचं गणित विकत घेतलेल्या यादीला लावा, मी हात जोडतो. पण ज्याने स्वतः चौकशी पाठवली, ज्याच्या आणि तुमच्यात मेलची देवाणघेवाण झालेली आहे, तो स्पॅमचं बटण कशाला दाबेल? फार तर उघडणार नाही. तुमच्या २०० मधले सगळे अनोळखी असल्यासारखं धरलंय, तिथे गणित बरोबर आणि उदाहरण चुकीचं.

शिवाय सातही मेल सगळ्यांना पाठवा असं मी म्हणत नाही. ज्यांनी उघडला पण उत्तर दिलं नाही त्यांनाच पुढचे पाठवा. टूलमध्ये तशी अट घालता येते.

डाकघर

चौकशी केलेल्या माणसाबद्दलचा मुद्दा मान्य, तिथे तक्रारी कमी येतात.

पण 'उघडला' या अटीवर विसंबू नका. मेलमधलं चित्र उतरलं की टूल 'उघडला' असं धरतं. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये २०२१ पासून, म्हणजे आयओएस १५ पासून, चित्रं आधीच उतरवून ठेवायची सोय आहे. ती चालू असेल तर माणसाने मेल पाहिलाही नसला तरी तुमच्या टूलमध्ये 'उघडला' अशी नोंद पडते. 'क्लिक केलं' हीसुद्धा खात्रीची खूण राहिली नाही. मोठ्या कंपन्यांच्या मेलमध्ये येणाऱ्या लिंका सुरक्षा सॉफ्टवेअर स्वतःच उघडून तपासतं. मेल पोहोचल्यावर काही सेकंदांत सगळ्या लिंकांवर क्लिक दिसले, तर ते माणसाचे नव्हेत.

अट घालायची तर या गोष्टींवर घाला:

उत्तर आलं की क्रम थांबला पाहिजे, पण बहुतेक टूल फक्त ज्या पत्त्यावर पाठवलं त्याच पत्त्याचं उत्तर ओळखतात. चौकशी 'परचेस' नावाच्या सामायिक आयडीवरून येते, उत्तर येतं एखाद्या माणसाच्या आयडीवरून. टूलला ते कळत नाही आणि पीओ दिलेल्या गिऱ्हाइकाला 'अजून निर्णय झाला नाही का?' असा मेल जातो. म्हणून थांबवण्याची अट पूर्ण डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागावर लावा. फक्त जीमेल, याहूसारखे सगळ्यांचे सामायिक डोमेन त्यातून वगळा, नाहीतर एकाच्या उत्तराने सगळे थांबतील.

याच्या उलटही होतं. 'मी सुट्टीवर आहे' हे आपोआप येणारं उत्तर काही टूल खरं उत्तर धरतात आणि क्रम कायमचा बंद पडतो. अशी उत्तरं वेगळी काढून, त्यात परतायची तारीख असेल तर पुढचा मेल तिच्या दोन दिवस नंतर टाका.

पत्ताच नाही असं सांगणारा ५५० हा एरर कोड आला, तर त्या पत्त्यावर पुन्हा प्रयत्न नको. ४ ने सुरू होणारा कोड तात्पुरत्या अडचणीचा असतो, सर्व्हर स्वतःच परत प्रयत्न करतो. तुम्ही मध्ये हाताने पाठवलात तर दोन प्रती पोहोचतात.

हापूस पेटी

किरकोळ विक्रीचंही कुणीतरी बोला. आंब्याचं बुकिंग दुकानाच्या साइटवर अर्धवट सोडणाऱ्याला ३, ८, २७ काय कामाचं? २७ दिवसांत हंगाम अर्धा सरतो. तिथे पहिली आठवण एका तासात, दुसरी दुसऱ्या दिवशी, आणि संपलं. दुसरीत पेटीचा आकार आणि पोहोचवण्याचा दिवस द्यायचा. पाच डझनची पेटी बघून थबकलेला माणूस दोन डझनची घेतो, त्याला फक्त ती आहे हे माहीत नसतं. सवलत दुसऱ्याच मेलमध्ये दिली, तर लोक मुद्दाम बुकिंग अर्धवट सोडायला शिकतात.

जूनमध्ये मात्र गप्प बसावं. विकायला काही नसताना आठवण कसली काढता?

शिक्का

एक कायद्याची बाजू, थोडक्यात. कोटेशन मागितलं म्हणजे दिवाळी ऑफर मागितली असं होत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याची रचना हेतूवर आहे: ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी वापर. आणि संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. तेव्हा फॉलोअप संपल्यावर तो पत्ता गुपचूप न्यूजलेटरच्या यादीत ढकलण्याची जी सवय आहे, ती सोडा. तिसऱ्या मेलमध्येच वेगळं विचारा, 'नवीन भावपत्रक महिन्याला एकदा पाठवू का?' हो म्हणाला तरच टाका.

सुटे भाग

'रोखठोक' यांचा मोठ्या खरेदीचा मुद्दा पटला. दुरुस्ती करतो. तिसऱ्या मेलमध्ये 'नंतर' असं उत्तर आलं तर लगेच तारीख विचारायची, 'कम्पॅरिटिव्ह कधी होणार आहे?' आणि चौथा मेल त्या तारखेच्या दोन दिवस आधी, ताज्या भावाची रेव्ह १ जोडून. उत्तरच नसेल तर मात्र तीनवर थांबायचं. तिथून मी हलणार नाही.

रोखठोक

आणि तारीख न सांगणारे? निम्मे लोक 'साहेबांकडे आहे' एवढंच लिहितात. त्यांना ४५ व्या दिवशी मी विचारणारच. फोन करीन हवं तर.

परचेसची खुर्ची

'साहेबांकडे आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा तुमचा भाव दुसऱ्या नंबरला आहे असा असतो. ४५ व्या दिवशी विचारायचंच असेल तर 'काय झालं' असं विचारू नका. 'टारगेट भाव किती आहे' असं विचारा, त्याचं उत्तर मिळतं. आणि फोन दुपारी चारनंतर करा, सकाळी स्टोअरचे ट्रक उभे असतात.